शेवटच्या पंगतीचा डोळा

हजर

२०२१ साल, पोळ्याची कर. ठिकाण उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, आमचं कृषी सेवा केंद्र. हजर: मी, दुकानाचे मालक, म्हणजे माझे यजमान, धाकटे दीर गजानन, दुकानापुढच्या बाजेवर मोबाइल बघत पडलेले, त्यांची बायको सुनीता, घरातून चहा घेऊन आलेली, आणि रामभाऊ, शेजारच्या खेड्यातलं आमचं जुनं गिऱ्हाईक. ही हजेरी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे या माणसांनी त्या सकाळची गोष्ट ज्याला जशी हवी तशी सांगितली.

रामभाऊंना कपाशीवरच्या तुडतुड्यांसाठी औषध हवं होतं. मी फळीवरून बाटली काढली आणि मागची तारीख वाचायला डावा डोळा मिटला. बारीक अक्षर एका डोळ्यानं वाचायची माझी जुनी सवय. पण अक्षरं नव्हती. बाटलीच्या कडा दिसत होत्या, झाकण दिसत होतं, आणि मी जिथे बघत होते नेमकं तिथेच ओल्या बोटानं पुसल्यासारखा करडा डाग होता. चष्मा पुसला. बाटली पुसली. पदरानं डोळा पुसला. डाग तिथेच.

"अवं, काय झालं?" यजमानांनी विचारलं आणि माझ्या हातातली बाटली घेतली. लेबल वाचलं आणि ती परत फळीवर ठेवली. मी रामभाऊंना तणनाशक द्यायला निघाले होते.

रामभाऊंच्या लक्षात आलं. "बाई, पाहूनशान देत जा हो. कपाशीवर ते मारलं असतं तं सारं वावर जळालं असतं. मंग मीच आलो असतो तुमच्या दारी फवारणीचा पंप घेऊन."

"वहिनी," बाजेवरून गजानन म्हणाले, "काल बैलाइले पुरणपोळी चारता चारता अर्धी तुमीच खाल्ली. त्याची गुंगी हाय ते."

सगळे हसले. मीही हसले. सुनीतानं चहाचा कप हातात दिला. "ताई, मोतीबिंदू असन. माह्या मायले असंच दिसे. शिबिरात करून टाकू, कायले घाबरता?"

मोतीबिंदू म्हटल्यावर दुकानातली हवा मोकळी झाली. मोतीबिंदूला आमच्याकडे कोणी भीत नाही. तो सगळ्यांच्या आईला झालेला असतो आणि सगळ्यांच्या आईचा निघालेला असतो.

दुखत नव्हतं. लाली नव्हती, पाणी नव्हतं. दुखलं असतं तर मी त्याच दिवशी एसटी धरली असती.

शेवटची पंगत

आमच्या बचत गटातर्फे दरवर्षी गावातल्या शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. बाहेरून डॉक्टरांची गाडी येते, म्हातारी माणसं तपासतात, मोतीबिंदूवाल्यांना ऑपरेशनला घेऊन जातात आणि हिरव्या पट्ट्या लावून परत आणून सोडतात. नावं गोळा करणं, फोन करणं, सतरंज्या, पाणी, जेवण, सगळं माझ्याकडे. कोरोनामुळे आधीचं शिबिर हुकलं होतं, त्यामुळे या वेळी गावोगावचे म्हातारे वाट बघत बसले होते. शिबिर नवरात्रानंतर ठरलं होतं.

मी माझं नाव सगळ्यात शेवटी घातलं.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे कार्य असलं की घरच्या बाया शेवटच्या पंगतीला बसतात. पाहुणे जेवतात, गाव जेवतं, पोरं जेवतात, वाढपी जेवतात, मग भांड्यात जे राहिलं त्यावर आम्ही. कोणी सांगत नाही, कोणी अडवतही नाही. पहिल्या पंगतीला बसलेली घरची बाई मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. शिबिर हे माझं कार्य होतं. मी पहिल्या नंबरावर कशी बसणार? गटातल्या बायांनीही नाव बघितलं आणि माना हलवल्या. बरोबरच होतं ते. कोणाला खटकलं नाही.

मधल्या दिवसांत मी रोज सकाळी डावा डोळा मिटून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. चौकोनांच्या रेघा मधोमध वाकायच्या, सतरंजीखाली चप्पल राहिल्यासारख्या. मग रेघा दिसेनाशा झाल्या. मग मधले आकडे. घटस्थापना आली तेव्हा ती तारीख मला कडेकडेनं शोधावी लागली.

"जायचं का बुलढाण्याले?" यजमानांनी एकदा विचारलं.

"शिबिर आहे ना."

"हाव, ते बी हाय."

आमच्या घरातलं त्या विषयावरचं सगळं बोलणं एवढंच.

त्यात दुसरा डोळा चांगला होता. दोन्ही उघडे ठेवले की काही कळायचंच नाही. चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकून घेतो. एकत्र कुटुंबात चालतं तसंच.

शिबिराच्या दिवशी मी सकाळपासून शाळेत. रांग लावली, मास्क नसलेल्यांना मास्क दिले, भांडणं सोडवली. एक आजी डोळ्यात औषध घातल्यावर घरी निघून गेली होती, तिला परत आणली. तपासणीआधी सगळ्यांचं बीपी बघत होते. मशीनपुढची रांग मीच लावत होते. माझं कोणी बघितलं नाही आणि मीही हात पुढे केला नाही.

उन्हं कलली. डॉक्टर मंडळी सामान आवरत होती. मी जाऊन स्टुलावर बसले. तपासणारा मुलगा माझ्या पोराच्या वयाचा. हसत हसत दुर्बिणीसारखं यंत्र लावलं आणि हसणं थांबलं. बराच वेळ बघितलं. मग त्यानं बांधलेली पेटी उघडून बीपीचं मशीन काढलं, एकदा मोजलं, दंड बदलून पुन्हा मोजलं.

"काकू, हा मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त आहे. केव्हापासून दिसत नाही?"

"पोळ्यापासून."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या शिबिराच्या फलकाकडे. "मग इतके दिवस कुठे होता तुम्ही?"

"इथेच. शिबिराची तयारी करत होते."

अकोला

दुसऱ्या दिवशी खामगावमार्गे अकोल्याला गेलो. पडद्याच्या डॉक्टरांचा दवाखाना वेगळा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. इतकी शिबिरं केली, तरी माहीत नव्हतं.

पडद्याच्या दवाखान्यात मुख्य काम म्हणजे वाट बघणं. बाहुली मोठी व्हायला थेंब घालतात आणि बाकावर बसवतात. थेंब भिनले की जग पांढरं होतं. पेपर वाचता येत नाही, मोबाइल बघता येत नाही, शेजारच्या माणसाचं तोंड नीट दिसत नाही. सगळे डोळे मिटून ओळीनं बसलेले. मला तिथे पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मला फक्त कामं होती.

डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी पडद्याचा फोटो संगणकावर दाखवला. रक्त परत नेणारी एक शीर तुंबली होती. मागून रक्ताचा दाब येत राहिला, शीर झिरपली आणि पडद्याचा नेमका मधला भाग, ज्यानं माणूस वाचतो आणि चेहरे ओळखतो, तो सुजला. मला लगेच कळलं. आम्ही ठिबकच्या नळ्या विकतो. नळीत गाळ अडकला की मागच्या जोडातून पाणी फुटतं आणि तिथलं रोप कुजतं.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कोरोना झाला होता का? हो, एप्रिलमध्ये, आम्हा दोघांना. कितपत? बुलढाण्याला कोविड सेंटरमध्ये होतो, मला ऑक्सिजन लागला. लस? पहिला डोस, श्रावण लागायच्या सुमारास. बीपीची गोळी? नाही. कधी तपासलं होतं? आठवत नाही.

यजमान इतका वेळ टोपी हातात धरून बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, हे लसीनं झालं का?"

डॉक्टरबाईंनी तो टाळला नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्या म्हणाल्या, "कोरोनानंतर रक्ताच्या गुठळ्या होतात, तो आजार रक्तवाहिन्यांना धरतो, हे आम्ही बघतो आहोत. लसीनंतरही असे काही रुग्ण आले आहेत. पण लस लाखो लोक घेताहेत आणि शीर तुंबणं पूर्वीही होत होतंच, त्यामुळे त्यातलं खरं किती आणि योगायोग किती, हे अजून शोधताहेत. तुमच्या बायकोच्या बाबतीत मी ठामपणे सांगू शकत नाही. यांचं बीपी मात्र आत्ता माझ्यासमोर वाढलेलं आहे, आणि या दुखण्याचं ते सगळ्यात नेहमीचं कारण आहे."

"म्हणजे तिन्हीपैकी काही बी असू शकते?"

"असू शकतं. तिन्ही मिळूनही असू शकतं. कारण कुठलंही असलं तरी उपचार हाच. डोळ्यात इंजेक्शन."

"दुसरा डोस?" मी विचारलं.

"आधी बीपी ताब्यात आणा, मग मी सांगेन. माझं मत विचाराल तर घ्यावा. कोरोना पुन्हा झाला, तर त्याचा धोका मला जास्त वाटतो."

मी विचारलं, डोळा येईल का परत? त्यांनी पुन्हा फोटोकडे बघितलं. "सूज उतरेल. दिसणं किती परत येईल ते सूज किती दिवस राहिली त्यावर असतं. थोडं लवकर आला असता..." एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि औषधं लिहू लागल्या.

ते वाक्य मी रोज पुरं करते.

सुई

डोळ्यात इंजेक्शन म्हणजे डोळ्यातच. पापणीत नाही, दंडात नाही. हे ऐकल्यावर यजमानांचा चेहरा असा पडला की मीच त्यांना म्हटलं, तुम्ही दुकान सांभाळा. हंगाम होता, सोयाबीन निघत होतं, लोकांना दुकान उघडं लागतं. ते जरा लवकरच हो म्हणाले. हे मी त्यांना अजून बोलून दाखवलेलं नाही. आता वाचतील.

माझ्याबरोबर आल्या शबानाबी. आमच्या गटातल्या. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकानाला कुलूप लावून आल्या आणि बसमध्ये खिडकीची जागा स्वतः घेतली.

"तुले तं एका डोयानं दिसते, तू काय करशीन खिडकीचं? मले पाहू दे."

हसू आलं मला. त्या सबंध महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी कोणी नेहमीसारखं बोललं होतं.

दवाखान्यात नर्सनं कपाळावर उजव्या भुवईच्या वर खूण केली, चुकीच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. शबानाबींनी ती निरखून बघितली. "बैलाइले दागतात तसं दागलं बाई तुले. आता हरवली तं सापडशीन."

"शबानाबी, मला भीती वाटते."

"वाटनारच. डोयात सुई जाऊन राह्यली, नाकात नथ नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी हितंच हाय. दाराले पाठ लावून बसते. ओरडली तं आत येईन, नर्सबाईनं कितीबी अडवलं तरी."

आतलं थोडक्यात सांगते, कारण पुढे जाणाऱ्याला माहीत असलेलं बरं. थेंबांनी डोळा बधिर करतात. तोंडावर हिरवं कापड येतं, त्याला डोळ्यापुरतं भोक. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून चिमटा लावतात. सगळ्यात वाईट तो चिमटा. सुई दिसत नाही. खाली बघा म्हणतात, आपण बघतो, आणि कोणीतरी बोट दाबल्यासारखा दाब येतो. संपलं. नंतर डोळ्यापुढे काळे बुडबुडे तरंगतात, शेवाळलेल्या हौदात दिसतात तसे. ते एकदोन दिवसांत जातात. दुखतं त्यापेक्षा आदली रात्र जास्त दुखते.

बाहेर आले तेव्हा शबानाबी खरंच दाराला पाठ लावून बसल्या होत्या. डोळ्यावर पट्टी, वरून काळा गॉगल. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चल हिरोइन, चहा पिऊ."

अशी इंजेक्शनं महिन्या-महिन्याच्या अंतरानं घेतली. प्रत्येक वेळी शबानाबी आल्या. प्रत्येक वेळी खिडकी त्यांची.

फोटो

दुसऱ्या इंजेक्शनानंतर मी घरी बाजेवर पट्टी लावून पडले होते. दोन दिवसांनी शबानाबी आल्या आणि मोबाइल पुढे केला. चष्मा हाताशी नव्हता, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं. गावाच्या ग्रुपवर मी झोपलेली असतानाचा फोटो होता. खाली मजकूर: "लस घेतली अन् डोळा गेला. आपल्याच गावातली, आपल्याच घरातली घटना. विचार करा."

टाकणारे गजानन.

संध्याकाळी ते दुकानात आले तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, तो फोटो ग्रुपवरून काढून टाका."

"काऊन वहिनी? खोटं लिहिलं काय मी?"

"खरं आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? लस घेतली तवा डोया चांगला होता. आता नाही. मी म्हनत होतो ना, नोका घेऊ म्हनून. तवा मले येड्यात काढलं तुमी."

"एप्रिलमध्ये कोरोना झाला होता, ते नाही लिहिलं. बीपी वाढलंय, ते नाही लिहिलं."

"ते तं सारेच सांगतात. हे कोनी सांगत नाही." त्यांचा आवाज चढला आणि मग फुटला. "वहिनी, एप्रिलात तुमाले पिकअपात कोनं टाकलं? गावातला एक माणूस हात लावाले तयार नव्हता. माह्या मांडीवर डोकं होतं तुमचं, गावापासून बुलढाण्यापर्यंत. मले वाईट वाटते म्हनून टाकला फोटो. मजा वाटते म्हनून नाही."

हे खरं होतं. त्यांनीच नेलं होतं. वाईट माणसाशी भांडण सोपं असतं.

यजमान गल्ल्यामागे उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी सुतळीचा गुंडा उचलला आणि सोडवायला लागले. गुंतलेलाही नव्हता तो.

फोटो फिरत राहिला. चार गावांतले लोक दुकानात यायचे, बियाण्याची चौकशी करायचे आणि माझ्या डोळ्याकडे बघायचे. "हाच का तो?" एका म्हातारीनं मला मिठी मारून सांगितलं, "बाई, तुह्यामुळं आमी वाचलो, आमी नाही घेतली." मला त्या मिठीतून बाहेर पडता येईना.

मग दुसरी बाजू आली. लसीकरणाचं काम करणाऱ्या एक बाई घरी आल्या. बोलायला चांगल्या. म्हणाल्या, तुमच्या फोटोमुळे लोक केंद्रावर यायचे थांबलेत, तुम्ही मोबाइलवर दोन शब्द बोला, की याचा लसीशी काही संबंध नाही.

"मोठ्या डॉक्टरांना सांगता येत नाही ते मी कसं सांगू?"

"ताई, गावाच्या भल्यासाठी."

"मला माहीत नाही, एवढं सांगते. चालेल?"

त्यांना ते चाललं नाही. गजाननांनाही चाललं नाही. 'माहीत नाही' हे कुठल्याच ग्रुपवर चालत नाही. दोन्ही बाजूंनी मला साक्षीला बोलावलं. कसं दिसतं ते कोणी विचारलं नाही.

आणि एक प्रश्न तर आजवर कोणीच विचारला नाही: पोळ्यापासून शिबिरापर्यंत ही बाई घरात का बसली होती? त्या प्रश्नाच्या उत्तरात ना कोरोना येतो, ना लस, ना सरकार. त्या सकाळी दुकानात हजर असलेले सगळे येतात, मी धरून. म्हणून तो प्रश्न कोणाला नको असतो. दोषी बाहेरचा असला की घर नीट झोपतं.

उरलं ते

सूज उतरली. कडेचं दिसतं, मधलं येत नाही. उजव्या डोळ्यानं बघितलं तर माणसाला कान असतात, केस असतात, तोंड नसतं. डॉक्टरबाईंनी शेवटी सांगितलं, आता इथपर्यंतच. मी मान हलवली, पिशवी उचलली, बस स्टँडवर आले, आणि तिथे शबानाबींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या एकदाही 'रडू नको' म्हणाल्या नाहीत.

दुकानातल्या फळ्या मी बदलल्या. तणनाशकं सगळी वेगळ्या कपाटात, कपाटाला लाल रंग. रामभाऊ आले की आधी विचारतात, "बाई, लाल कपाटातलं नाही ना?" आणि स्वतः वाचून घेतात. चांगलं करतात.

बीपी ताब्यात आल्यावर, डॉक्टरबाईंना विचारून मी दुसरा डोस घेतला. गजानन होळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस मुकाट्यानं माझ्या गोळ्यांचं पाकीट चिखलीहून आणून गल्ल्यावर ठेवलं. ग्रुपवरचा फोटो काढून टाकला नाही, पण गोळ्या आणतात. आमच्या घरात माफी अशीच मागतात आणि अशीच दिली जाते. मला ती पुरली असं मी म्हणणार नाही.

हे लिहायला घेतलं ते ज्यांना आज डोळ्यापुढे डाग दिसतोय त्यांच्यासाठी. तेव्हा सरळ सांगते. रोज सकाळी एक डोळा मिटून कॅलेंडर बघा, मग दुसरा. रेघ वाकली तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. शिबिराची वाट बघू नका, पेरणीची नको, पाहुणे जायची तर अजिबात नको. दुखत नाही म्हणून बरं आहे असं समजू नका. बीपी मोजा. आणि कशानं झालं यावर घरात वाद सुरू झाला तर वाद त्यांना घालू द्या, तुम्ही एसटीत बसा.

राहिलेलं

आता सुनीताबद्दल.

गेल्या महिन्यापासून तिचं डोकं दुखतं. मागे मानेपाशी. डोळ्यापुढे मुंग्या चालल्यासारखं होतं, म्हणाली. मी तिला कॅलेंडरपुढे उभी केली. तिनं एक डोळा मिटला, बघितलं आणि जरा जास्तच पटकन म्हणाली, "दिसते की हो ताई सारं."

"रेघा सरळ आहेत?"

"सरळच असतीन."

"असतीन म्हणजे? दिसतात का?"

"ताई, पोरीचं लगन डोक्यावर हाय. ते होऊ द्या. मंग तुमी म्हनसान तिथं येते."

मी बुलढाण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्या दिवशी पत्रिका वाटायला जायचं निघालं. पुन्हा घेतली. त्या दिवशी बस्ता. गजाननांना सांगितलं तर ते म्हणाले, "टेन्शन हाय वहिनी तिले, लगनाचं. होऊ द्या, मोकयी होईन." बोलताना त्यांनी माझ्या उजव्या डोळ्याकडे बघायचं टाळलं. यजमान म्हणाले, "हाव, ते बी हाय."

काल मारुतीच्या देवळात आमच्या घरचा भंडारा होता. मी पहिल्या पंगतीत दोन पत्रावळी धरल्या, एक माझी, एक सुनीताची. मी बसले. घरची बाई पहिल्या पंगतीला बसलेली बघून समोरच्या ओळीतल्या माणसांचे घास थांबले. थांबू देत. मी शेजारच्या पत्रावळीवर हात ठेवला आणि हाक मारली, "सुनीता, इकडे ये. बस."

ती आली. हातात वरणाची बादली होती. वाकली, आणि मला वाटलं आता बसते. तिनं डावा डोळा किंचित मिटला, नेम धरल्यासारखा, आणि माझ्या पत्रावळीवर वरण वाढलं. ते भातावर पडलं नाही, बाजूला पडलं.

"घ्या ताई, तुमी जेवा," ती म्हणाली. "माह्यं मांगून."

आणि पुढच्या पानावर गेली.

सुनीताला बुलढाण्याला न्यायचं राहिलं आहे.